फळमाशीचे घड्याळ तीन समीकरणांत: नवख्यांसाठी मॉडेलिंगची सुरुवात

फळमाशीच्या जैविक घड्याळाचे मॉडेल करायचे ठरवले की पहिला मोह ठरलेला असतो. एखादे नावाजलेले दहा-बारा समीकरणांचे मॉडेल उचलायचे, त्यातले आकडे जसेच्या तसे टाइप करायचे आणि पडद्यावर २४ तासांची लाट उमटली की काम फत्ते झाले असे समजायचे. सुरुवातीला तरी हे टाळा. २४ चा आकडा आणणे हे या कामातले सगळ्यात सोपे काम आहे. आंदोलने, म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा होणारे चढउतार, देणारे कुठलेही मॉडेल घ्या आणि त्यातले सगळे वेग एकाच पटीत वाढवा किंवा घटवा. लाट हवी तेवढी लांब किंवा आखूड होते. म्हणून आवर्तकाल (एका फेरीला लागणारा वेळ) जुळला यावरून मॉडेलबद्दल फारसे काहीच कळत नाही. मॉडेलची खरी परीक्षा इतरत्र होते, आणि तिथपर्यंत पोचायला तीन समीकरणे पुरतात.

लागणारी तयारी माफक आहे: कॅल्क्युलसची तोंडओळख, आणि पायथन, ऑक्टेव्ह किंवा साधी स्प्रेडशीट यांपैकी काहीही एक.

आधी माशी समजून घ्या

१९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांनी ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर या फळमाशीचे तीन उत्परिवर्ती वाण शोधले. एकाचा दिवस सुमारे १९ तासांचा होता, दुसऱ्याचा सुमारे २८ तासांचा, आणि तिसऱ्याला ताल असा उरलाच नव्हता. तिन्ही बदल एक्स गुणसूत्रावरच्या एकाच जनुकात निघाले. ते जनुक म्हणजे ‘पिरियड’. १९८४ मध्ये ते वेगळे करण्यात आले. १९९० मध्ये पॉल हार्डिन, जेफ्री हॉल आणि मायकेल रॉसबॅश यांनी दाखवले की या जनुकाच्या आरएनएची पातळी दिवसभरात वरखाली होते आणि त्या चढउतारावर त्याच जनुकापासून बनलेल्या प्रथिनाचा अंमल असतो. हॉल, रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल याच कामासाठी मिळाले.

मॉडेलसाठी लागते तेवढी यंत्रणा अशी. ‘क्लॉक’ आणि ‘सायकल’ या प्रथिनांची जोडी पिरियड आणि टाइमलेस ही जनुके चालू करते. त्यांचा आरएनए बनतो, आरएनएपासून प्रथिने बनतात: पिरियडचे ‘पर’ आणि टाइमलेसचे ‘टिम’. ‘डबलटाइम’ नावाचे एन्झाइम परवर फॉस्फेट चिकटवते, आणि असे पर लवकर मोडीत निघते. टिमची सोबत मिळाली तर मात्र ते टिकते. पर आणि टिम केंद्रकात शिरतात आणि क्लॉक-सायकल जोडीला अडवतात, म्हणजे स्वतःचेच उत्पादन थांबवतात. मग ही प्रथिने हळूहळू नष्ट होतात, अडवणूक उठते आणि फेरी पुन्हा सुरू होते.

यातली एक गोष्ट वहीत ठळक लिहून ठेवा. आरएनए रात्रीच्या पूर्वार्धाच्या सुमारास शिगेला पोचतो आणि पर प्रथिन त्यानंतर साधारण ४ ते ६ तासांनी. हा उशीर पुढे कामाला येणार आहे.

मोजमापाचा आकडा कुठून येतो

मॉडेल करणाऱ्यांपैकी पुष्कळांनी माशी कधी नीट पाहिलेली नसते, आणि ते त्यांच्या कामात दिसते. प्रयोग असा असतो: काचेच्या बारीक नळीत एक माशी, एका टोकाला साखर-अगारचे अन्न, दुसऱ्या टोकाला बोळा. नळीच्या मधोमध अवरक्त किरण आडवा जातो. माशी तो ओलांडते तेव्हा एक नोंद होते. काही दिवस १२ तास उजेड आणि १२ तास अंधार देतात, मग कायमचा अंधार. त्या कायमच्या अंधारात माशी जो ताल चालू ठेवते तो तिच्या स्वतःच्या घड्याळाचा.

अशी माहिती हाती आली तर तीन पथ्ये पाळा. ज्या नळीत शेवटी सलग शून्ये आहेत ती माशी मेलेली आहे, तिला ‘ताल नाही’ या रकान्यात टाकू नका. दिवा लागताच उठणारा हालचालींचा सुळका घड्याळाचा असेलच असे नाही, उजेडाने दचकूनही माशी पळते. दिवा लागायच्या आधीपासून हालचाल चढत गेली तर ती घड्याळाची खूण. तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे: हालचाल म्हणजे पर प्रथिन नव्हे. मेंदूतल्या सुमारे १५० घड्याळ-चेतापेशी आणि माशीचे पाय यांच्यामध्ये बरेच काही घडते. हालचालींच्या नोंदींवरून आवर्तकाल घ्या, फेज (फेरीतली वेळ) कुठे सरकली ते घ्या, पण लाटेचा आकार मॉडेलशी जुळवत बसू नका.

तीन समीकरणे

ब्रायन गुडविन यांनी १९६५ मध्ये मांडलेला साचा आपण घेऊ. म म्हणजे आरएनए, प म्हणजे पेशीद्रवातले पर, न म्हणजे केंद्रकातले पर. टिमला तूर्तास बाहेर ठेवू.

म बदलण्याचा वेग = अ ÷ (१ + न^घ) − क × म

प बदलण्याचा वेग = ब × म − क × प

न बदलण्याचा वेग = ड × प − क × न

प्रत्येक ओळीत पहिले पद आवक, दुसरे जावक; अ, ब, ड हे आवकेचे दर आणि क जावकेचा. वेळ तासांत. न १ झाला की उत्पादन निम्म्यावर येते, म्हणजे प्रथिन आपण त्या उंबरठ्याच्या पटीत मोजतो आहोत. घ हा घात: तो जितका मोठा, तितकी उंबरठ्यापाशी अडवणूक झटक्यात होते. तिन्ही ओळींत क एकच धरला आहे. खऱ्या पेशीत तसे नसते, पण आंदोलन निर्माण होण्यासाठी हीच सर्वांत अनुकूल स्थिती आहे; तीन क वेगळे केले तर काम आणखी अवघड होते.

संगणक उघडण्याआधी कागदावर

इथे घाई करू नका. पुढचा हिशोब एकदा समजला की कुठल्याही मोठ्या मॉडेलकडे बघण्याची नजर तयार होते.

आवक आणि ठरावीक दराची जावक असलेला एक टप्पा लाटेला उशीर लावतो, पण तो उशीर पाव फेरीपेक्षा नेहमी कमीच असतो. अडवणूक लाट उलटी करते, म्हणजे अर्ध्या फेरीची सोय तिने केली. लाट स्वतःला पुन्हा जन्म देत राहायची तर उरलेली अर्धी फेरी टप्प्यांमधून यायला हवी. दोन टप्पे असतील तर बेरीज अर्ध्या फेरीला कधीच पोचत नाही. म्हणून फक्त आरएनए आणि प्रथिन घेऊन, मध्ये कसलाही उशीर न घालता केलेले असे मॉडेल आंदोलने देत नाही, कितीही आकडे फिरवा. तीन टप्पे असतील तर प्रत्येकाने एक षष्ठांश फेरी द्यायची. २४ तासांत ती होते ४ तास.

आता त्याची किंमत पाहा. एक षष्ठांश फेरी उशीर लावणारा टप्पा लाटेचा सापेक्ष चढउतार निम्मा करतो. तीन टप्प्यांत तो आठवा हिस्सा उरतो. ही तूट भरून काढायची जबाबदारी एकट्या अडवणुकीवर येते, आणि तिची वाढवण्याची ताकद जास्तीत जास्त घ इतकीच. म्हणून घ ८ पेक्षा मोठा हवा. जे. एस. ग्रिफिथ यांनी १९६८ मध्ये हीच मर्यादा दाखवून दिली. आठच्या वरचा घात म्हणजे आठाहून अधिक रेणूंनी एकजुटीने, एका दमात अडवणूक करणे. पेशीत असे सहसा आढळत नाही. ही पहिली अडचण, ती लक्षात ठेवून पुढे जाऊ.

आवर्तकालही कागदावरच निघतो: अंदाजे ३.६३ ÷ क. २४ तास हवे असतील तर क सुमारे ०.१५ प्रति तास, म्हणजे प्रत्येक घटकाचे अर्धायुष्य सुमारे ४.६ तास. संगणकावर याच्या आसपास काही आले नाही, तर आधी आपल्या टायपिंगवर संशय घ्या.

चालवून पाहताना

अ, ब, ड तिन्ही १ ठेवा, क ०.१५, घ १०. सुरुवातीला म ०.१, प ०.२, न २. एक हजार तास चालवा आणि पहिले तीनशे तास फेकून द्या, कारण हे मॉडेल आपल्या लाटेवर स्थिरावायला वेळ घेते. उरलेल्या भागात न ची लागोपाठची शिखरे शोधा आणि त्यांच्यातले अंतर मोजा.

नवख्यांचा पाय घसरतो तो पायरीच्या लांबीवर. स्प्रेडशीटमध्ये साधी ऑयलर पद्धत वापरतात: आत्ताची किंमत, अधिक वेग गुणिले वेळेची पायरी. हालचालींची माहिती अर्ध्या-अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यांत असते, म्हणून पायरीही अर्ध्या तासाची घ्यावी असे वाटते. तसे मुद्दाम करून पाहा. घ ७ ठेवा, जिथे वरच्या हिशोबाप्रमाणे लाट विझलीच पाहिजे. अर्ध्या तासाची पायरी दिलीत तर लाट खुशाल चालू राहते. पायरी ०.०१ तास करा, तीच लाट आठवड्या-दोन आठवड्यांत बसते. ऑयलर पद्धत प्रत्येक पायरीला लाट जराशी बाहेर ढकलते. पायरी मोठी असली की हा ढकलाच मॉडेलचे घड्याळ चालवू लागतो. घ बरोबर ८ असेल तर खरी लाट इतकी सावकाश विझते की ०.०१ ची पायरीसुद्धा भरवशाची नाही. त्यामुळे पायथनमध्ये काम करत असाल तर सायपाय या गणिती लायब्ररीतला समीकरणे सोडवणारा तयार सॉल्व्हर वापरा आणि त्याची चूक-मर्यादा कडक ठेवा. स्प्रेडशीटच वापरायची असेल तर नियम एकच: पायरी निम्मी करा, आलेख हलला तर आधीचे उत्तर रद्द.

मग मॉडेलला अडचणीत आणा

आता खरी परीक्षा.

*उशीर.* मॉडेलमध्ये म चे शिखर आणि प चे शिखर यांत सुमारे ४ तासांचे अंतर येते, न पर्यंत सुमारे ८. पर एकूण मोजायचे तर प आणि न यांची बेरीज करा, कारण माशीचे डोके वाटून केलेल्या मोजणीत पेशीद्रव आणि केंद्रक वेगळे नसतात. बेरजेचे शिखर या दोन आकड्यांच्या मध्ये पडते. माशीतल्या ४ ते ६ तासांच्या जवळपास जाणारा हा आकडा आपण मुद्दाम जुळवलेला नाही, म्हणून त्याला किंमत आहे.

*उत्परिवर्ती माश्या.* १९ तासांच्या माशीसाठी क ०.१९ लागतो, २८ तासांच्या माशीसाठी ०.१३. बदल फार मोठे नाहीत, हे आधी नोंदवा. पण मॉडेलमध्ये आपण तिन्ही क एकदम बदलले, आणि उत्परिवर्तन तर पर प्रथिनातल्या एकाच अमिनो आम्लाचे आहे. आरएनएच्या मोडण्याचा दर त्याने का बदलावा? म्हणून एका वेळी एकच क बदला आणि लाट कधी टिकते, कधी विझते ते पाहा. घ १० असताना फारशी मोकळीक उरत नाही हे लगेच कळेल.

ताल नसलेल्या माशीत जनुकात अकाली थांबा-संकेत आहे, पूर्ण प्रथिन बनतच नाही. मॉडेलमध्ये ब शून्य करा. न शून्यावर जातो, अडवणूक संपते आणि म सर्वोच्च पातळीला जाऊन तिथेच राहतो. खऱ्या माशीत आरएनएचा चढउतार थांबतो खरा, पण पातळी मधल्यामध्ये कुठेतरी असते. म्हणजे अडवणूक गेली तरी उत्पादन पूर्ण जोरात का होत नाही, याचे उत्तर या मॉडेलकडे नाही. ते मिळाले १९९८-९९ च्या सुमारास: अशा माशीत क्लॉक जनुकाचा आरएनएच कमी असतो. क्लॉकवर अंमल असणारे दुसरे फीडबॅक-वर्तुळ आहे आणि ते पहिल्यात गुंतलेले आहे. एक शून्य टाकून मॉडेलमधली एवढी मोठी उणीव उघडी पडते. मला स्वतःला हा व्यायाम सर्वांत आवडतो.

*तापमान.* १० अंश वाढले की बहुतेक जैवरासायनिक क्रियांचा वेग दोन ते तीन पट होतो. क दुप्पट करा, मॉडेलचा दिवस १२ तासांचा होईल. खऱ्या माशीचा दिवस १८ अंशांवर आणि २८ अंशांवर जवळजवळ तेवढाच असतो. आपले तीन समीकरणांचे मॉडेल या कसोटीवर सपशेल नापास. अनेक मोठी मॉडेलेही इथे ठेचकाळतात, आणि पास होतात ती बहुधा वाढवणारे आणि घटवणारे परिणाम बेतून एकमेकांना काटतील अशी मांडणी करून. कुठले मॉडेल वाचायला घेतलेत तर तापमानाबद्दल त्यात काय म्हटले आहे ते आधी बघा.

टप्पे वाढवताना

आठाची अडचण दोन रीतींनी सुटते. पहिली, टप्पे वाढवा. चार टप्पे झाले की प्रत्येकाने फक्त एक अष्टमांश फेरी द्यायची, चढउताराची एकूण घट चौथ्या हिश्श्यापर्यंतच होते आणि घ ४ च्या वर असला की पुरते. पाच टप्प्यांना ३ चा घात चालतो. हे टप्पे कल्पनेतून आणावे लागत नाहीत, परवर फॉस्फेट टप्प्याटप्प्यानेच चढतात. दुसरी रीत, जावक बदला. नष्ट करणाऱ्या एन्झाइमची क्षमता मर्यादित असते. प्रथिन वाढले तरी ते एका कमाल वेगापलीकडे जात नाही. हे गणितात आणले की जावक पद असे होते: कमाल वेग × प ÷ (स्थिरांक + प). अशी जावक असलेल्या मॉडेलला कमी घातातही आंदोलन साधते.

आल्बेर गोल्डबेटर यांच्या १९९५ च्या मॉडेलमध्ये या दोन्ही गोष्टी आहेत. पाच चल राशी: आरएनए, फॉस्फेट नसलेले पर, एक फॉस्फेटवाले, दोन फॉस्फेटवाले आणि केंद्रकातले. घात ४. तीन समीकरणे हाताखालून गेली असतील तर हे मॉडेल एका बैठकीत उभे राहते आणि त्यातली प्रत्येक ओळ का आहे हेही उमगते. ते उभे करा आणि पर नष्ट होण्याचा कमाल वेग हळूहळू वाढवा. प्रथिन लवकर मोडले तर घड्याळ जलद चालेल असे कुणालाही वाटेल. या मॉडेलमध्ये दिवस लांबत जातो. वेगाने मोडणाऱ्या प्रथिनाला केंद्रकात पुरेसे साठायला जास्त वेळ लागतो, हे कारण आलेखात दिसेपर्यंत पुढे सरकू नका. माझ्या मते अंतःप्रेरणेला असा धक्का देणे हेच मॉडेलचे सर्वांत उपयोगाचे काम.

उजेड दाखवा

शेवटची पायरी उजेडाची, कारण उजेडाशिवाय घड्याळाला वेळ लावता येत नाही. माशीत क्रिप्टोक्रोम हे प्रथिन उजेड टिपते, टिमला चिकटते आणि टिम नष्ट होते. तीन समीकरणांत टिम नाही, म्हणून उजेड असेपर्यंत न चा क वाढवायचा, एवढी कामचलाऊ सोय करा.

मॉडेल आधी अंधारात स्थिर होऊ द्या. मग एका प्रतीत एक तासाचा उजेड द्या, दुसरी प्रत तशीच चालू ठेवा. किमान दहा फेऱ्या जाऊ द्या आणि दोघांची शिखरे ताडून पाहा: उजेड दिलेली प्रत मागे पडली की पुढे गेली? हाच उजेड फेरीच्या प्रत्येक तासाला देऊन चोवीस उत्तरे काढा आणि आलेखावर मांडा. न चढत असताना उजेड पडला तर चढण पुन्हा चढावी लागते, घड्याळ मागे पडते. न उतरत असताना पडला तर उतरण लवकर संपते, घड्याळ पुढे जाते. खऱ्या माशीतही रात्रीच्या पूर्वार्धातला उजेड घड्याळ मागे टाकतो, उत्तरार्धातला पुढे नेतो. एवढ्या साध्या मॉडेलने ही दिशा बरोबर दाखवावी, हे काही कमी नाही.

तिसरा भाग मात्र जमणार नाही. अंधारात ठेवलेल्या माशीच्या स्वतःच्या हिशोबाने जेव्हा दिवस चालू असतो, त्या तासांत उजेड दिला तर घड्याळ जवळजवळ हलत नाही, कारण तेव्हा नष्ट करायला टिमच नसते. तुमच्या आलेखात हा सपाट पट्टा पुसट येईल किंवा येणारच नाही, कारण गुडविनच्या साच्यातला न तळाशी गेल्यावरही बऱ्यापैकी उरतो. पट्टा हवा असेल तर टिमला स्वतंत्र चल राशी म्हणून आत घ्यावे लागते आणि उजेडाचा परिणाम तिच्याच जावकेवर टाकावा लागतो. जाँ-क्रिस्तॉफ लेलू आणि गोल्डबेटर यांचे १९९८ चे पर-टिम मॉडेल नेमके हेच करते. त्यात दहा चल राशी आहेत. सुरुवातीला जे उचलू नका म्हटले ते हेच मॉडेल. आता उचलायला हरकत नाही.